आडरस्त्यावरचे पक्षीनिरीक्षण : नवख्यांसाठी पहिल्या फेरीची तयारी

पक्षी पाहायचे म्हणजे एखादे अभयारण्य गाठले पाहिजे, अशी समजूत बहुतेक नवख्यांच्या मनात असते आणि त्यापायी त्यांची पहिली फेरी अनेकदा निराशेत संपते. दाट जंगलात आवाज चहूबाजूंनी येतात, पण पानांच्या छतात हललेली सावली नेमकी कोणाची हे सांगणे मुरलेल्या निरीक्षकालाही जड जाते. त्याउलट कमी रहदारीचा, एका बाजूला शेत आणि दुसऱ्या बाजूला गवत किंवा झाडोरा असलेला आडरस्ता शिकाऊ माणसाला फार अनुकूल असतो. तिथे नजर लांबवर जाते, पक्षी तारांवर आणि खांबांवर उघड्यावर बसतात. शिवाय दोन वेगवेगळे अधिवास जिथे मिळतात त्या कडेला दोन्हीकडचे पक्षी येत असल्याने थोड्या अंतरात प्रकारही बरेच दिसतात. पुढील टप्पे अशा रस्त्यावरच्या फेरीसाठी, दुर्बीण प्रथमच हाती घेणाऱ्यांना समोर ठेवून लिहिले आहेत.

१. रस्ता निवडणे

नकाशातील उपग्रह-दृश्य उघडून आधी घरबसल्या पाहणी करा. ओढा किंवा तळे, बांधावरची जुनी झाडे, पडीक माळ आणि पिकाखालची जमीन यांपैकी तीन गोष्टी तरी एक ते दोन किलोमीटरच्या टप्प्यात येत असतील, तर तो रस्ता चांगला समजावा. याहून लांब रस्ता घेण्याचा मोह टाळा, कारण अंतर वाढले की चालण्याचा वेग वाढतो आणि पाहणे कमी होते.

वाहनांचा आवाज हा निकष वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. ट्रक आणि ट्रॅक्टर सतत जात असतील तर पक्षी दिसतील, पण ऐकू येणार नाहीत, आणि लहान पक्ष्यांपैकी कितीतरी प्रथम ऐकूनच सापडतात. रस्त्याची दिशाही लक्षात घ्या. पूर्व-पश्चिम रस्त्यावर सकाळी पश्चिमेकडे चालत गेल्यास सूर्य पाठीशी राहतो आणि पक्ष्याचे रंग खरे दिसतात. उत्तर-दक्षिण रस्त्यावर सकाळी मुख्यतः पश्चिमेच्या बाजूवर लक्ष ठेवावे. सूर्याकडे तोंड करून पाहिलेला प्रत्येक पक्षी काळाच दिसतो, आणि नवख्यांच्या वह्यांमधले निम्मे ‘अनोळखी काळे पक्षी’ याच कारणाने जन्माला आलेले असतात, असे मला वाटते.

२. सोबत काय असावे

• दुर्बीण
• आपल्या प्रदेशातील पक्ष्यांचे सचित्र मार्गदर्शक पुस्तक
• खिशात मावणारी वही आणि पेन्सिल (पेनाची शाई ओलाव्यात फुटते)
• नोंदीचे ॲप आणि त्या प्रदेशाचा माहितीसंच आधीच उतरवून घेतलेला फोन, कारण अशा रस्त्यांवर नेटवर्कचा भरवसा नसतो
• पाणी, टोपी, मळकट रंगाचे कपडे आणि घोटा झाकणारे बूट
• ओळखपत्र, अनोळखी परिसरात दुर्बीण घेऊन फिरणाऱ्या माणसाची चौकशी होणे स्वाभाविक आहे

कॅमेरा या यादीत मुद्दाम घेतलेला नाही. सुरुवातीच्या काळात कॅमेरा हातात असला की नजर पक्ष्याच्या वागण्यावर न राहता पडद्यावर राहते, आणि घरी आल्यावर अंधूक छायाचित्रावरून ओळख पटवण्याची धडपड सुरू होते. काही महिन्यांनी तो जरूर घ्यावा.

दुर्बिणीवर ८ × ४२ असे आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल तो, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. व्यासाला पटीने भागले असता डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ८ × ४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर येते, तर ८ × २५ च्या छोट्या दुर्बिणीत जेमतेम तीन, आणि म्हणूनच पहाटेच्या अपुऱ्या उजेडात छोटी दुर्बीण निस्तेज वाटते. जास्त पट म्हणजे चांगली दुर्बीण हा समज मात्र सोडून द्यावा. १० पटीत हाताचा कंप वाढतो आणि दृश्याचा पट्टा अरुंद होतो, त्यामुळे उडता पक्षी पकडणे नवख्याला कठीण जाते. १२ पटीच्या पुढे तर तिवईशिवाय काम भागत नाही. चष्मा वापरणाऱ्यांनी डोळा आणि भिंग यांच्यात किमान १५ मिलिमीटर अंतर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसते की नाही, हे खरेदीपूर्वी पाहून घ्यावे.

३. दुर्बीण आपल्या डोळ्यांना जुळवणे

ही पायरी वगळणारे लोक वर्षानुवर्षे किंचित धूसर दृश्य पाहत राहतात आणि दोष दुर्बिणीला देतात. प्रथम बिजागरीवर दोन्ही नळ्या जवळ-दूर करून दोन वर्तुळांचे एकच वर्तुळ दिसेल असे करा. डोळ्यांजवळचे रबरी कडे चष्मा असेल तर खाली, नसेल तर वर ठेवा. मग ठळक कडा असलेली एखादी वस्तू, समजा दूरची पाटी, निवडा. उजव्या नळीचे पुढचे भिंग हाताने झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी पाटी स्पष्ट करा. नंतर डावे भिंग झाका आणि मधल्या चाकाला अजिबात हात न लावता, बहुतेक दुर्बिणींत उजव्या नळीवर असणारे कडे फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्यासाठी स्पष्ट करा. त्या कड्याची खूण लक्षात ठेवली की पुढे फक्त मधले चाक फिरवायचे उरते.

यानंतरचा सराव पक्षी ‘पकडण्याचा’. दुर्बीण डोळ्यांना लावून पक्षी शोधू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्ष्यावर नजर खिळवा, नजर आणि मान न हलवता दुर्बीण वर आणा, आणि पक्षी आपोआप दृश्यात येईल. घराच्या खिडकीतून खांब, गच्चीची टोके, झाडाचे एखादे वाळके पान अशा लक्ष्यांवर हा सराव केल्यास रस्त्यावर होणारी चिडचिड वाचते. सूर्याच्या दिशेने दुर्बीण कधीही फिरवू नये; त्याने डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

४. वेळ

सूर्योदयापासून पहिले दोन-अडीच तास सर्वांत चांगले, आणि सूर्यास्तापूर्वीचा तास त्याखालोखाल. मात्र शिकारी पक्ष्यांसाठी थोडे थांबावे लागते. जमीन तापून गरम हवेचे झोत वर चढू लागल्यावरच घारी, गरुड आणि गिधाडे त्यांवर तरंगत वर जातात, त्यामुळे सकाळी नऊ-दहाच्या सुमारास मान वर करून आकाश चाळण्याची सवय लावावी. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे धोबी, भिंगऱ्या, गप्पीदास आणि गवताळ माळावर जमिनीलगत तरंगत जाणारे भोवत्या हे पक्षी रस्त्यालगत सहज दिसतात, तर पावसाळ्याच्या तोंडावर पावशा, चातक यांचे आवाज आणि सुगरणींची घरट्यांची लगबग सुरू होते.

५. रस्ता कसा चालावा

एक किलोमीटरला किमान पाऊण तास द्या. नवख्यांचा वेग साधारणतः याच्या दुप्पट असतो, आणि ते जितके चालतात तितके पक्षी त्यांच्या पुढे पुढे उडत राहतात. शंभर पावले चालून पाच मिनिटे स्तब्ध उभे राहणे ही साधी पद्धत उत्तम काम देते. तुम्ही थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत झुडपातले पक्षी पुन्हा आपापल्या कामाला लागतात.

थांबायचे कुठे, हे रस्त्यावरच्या वस्तू सांगतात. विजेच्या तारा हे पहिले ठिकाण. कोतवाल, वेडा राघू, खाटीक, होले आणि भिंगऱ्या तिथे ठरलेलेच असतात; खांबाच्या टोकाला मातकट आणि सुस्त दिसणारा पक्षी उडताच पंखांत गडद आणि फिकट निळ्याचे झगझगीत पट्टे उलगडले, तर तो नीलपंख. पांढऱ्या गळ्याचा खंड्या पाण्यापासून बऱ्याच अंतरावरच्या तारेवरही बसलेला आढळतो, कारण तो माशांइतकेच किडे आणि सरडेही खातो. वेड्या राघूकडे मात्र निवांत पाहावे. तो तारेवरून झेप घेऊन हवेतच मधमाशी पकडतो, परत त्याच जागी येतो आणि तिला तारेवर आपटून-घासून नांगी व विष काढून टाकतो, मगच गिळतो. हे सगळे काही सेकंदांत होते आणि पुन्हा पुन्हा होते, म्हणून एकाच पक्ष्यावर दहा मिनिटे घालवली तरी ती वाया जात नाहीत. भिंगरी आणि पाकोळी यांत घोटाळा होत असेल तर तारच निवाडा करते: घरांभोवती घिरट्या घालणाऱ्या छोट्या पाकोळीचे पाय फार आखूड असल्याने ती तारेवर बसत नाही, भिंगऱ्या मात्र रांगेने बसतात.

दुसरे ठिकाण म्हणजे मोरी किंवा छोटा पूल. तिथे धोबी शेपटी खालीवर हलवत फिरतो, काठाच्या चिखलात वंचक बगळा इतका मिसळून गेलेला असतो की तो उडून पांढरेशुभ्र पंख दिसेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही, आणि पुलाच्या खाली तारवाली भिंगरी चिखलाचे घरटे बांधते. तिसरे ठिकाण रस्त्याची धूळभरली कड. सांडलेले दाणे टिपायला होले आणि चंडोल, धुळीत अंग घुसळायला चिमण्या, आणि संध्याकाळी अंधारू लागल्यावर खुद्द डांबरावर बसणारा रातवा, ज्याचे डोळे गाडीच्या दिव्यात निखाऱ्यासारखे चमकतात. या रातव्यांसाठी तरी परतीच्या वाटेवर गाडी हळू चालवावी.

सुरक्षिततेचे दोन नियम सक्तीने पाळा. समोरून येणारे वाहन दिसेल अशा बाजूने चाला, आणि दुर्बीण डोळ्यांना लावलेली असताना एकही पाऊल टाकू नका. पक्षी नीट दिसावा म्हणून नकळत मागे सरकत रस्त्याच्या मध्यात येणे, हा आडरस्त्यावरचा खरा धोका आहे. उंच गवतात शिरणेही टाळा, पाय कशावर पडतो ते दिसत नाही.

६. आधी वर्णन, मग नाव

पक्षी दिसताच पुस्तक उघडण्याची घाई करू नका. तुम्ही पाने उलटेपर्यंत पक्षी निघून जातो आणि मनात राहिलेली प्रतिमा पुस्तकातल्या चित्रांनी पुसली जाते. नंतर जे आठवते ते चित्र असते, पक्षी नव्हे. पक्षी समोर आहे तोवर त्यालाच पाहा, तो उडाल्यावर वहीत लिहा, आणि पुस्तक त्यानंतर काढा.

लिहिताना क्रम ठेवा. आकार चिमणी, साळुंकी आणि कावळा या तीन मापांनी मोजा: ‘साळुंकीहून लहान, चिमणीहून मोठा’ एवढे वर्णनही अनेक शक्यता काढून टाकते. त्यानंतर चोच जाड आहे, बारीक आहे की वाकडी, शेपटी लांब, आखूड की दुभंगलेली, बसण्याची जागा आणि बसण्याची ढब, खाण्याची रीत. रंग सर्वांत शेवटी लिहावा, कारण तो उजेडानुसार, वयानुसार आणि ऋतूनुसार बदलतो. विणीच्या काळात गायबगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर नारिंगी छटा येते, आणि वर्षभर त्याला पांढरा म्हणून ओळखणारे त्या वेळी वेगळाच पक्षी समजून बसतात. नर-मादीतील फरक हाही असाच चकवा आहे: कोकिळेचा नर काळा, तर मादी तपकिरी आणि ठिपक्याठिपक्यांची.

७. काळ्या पक्ष्यांचा गुंता

रस्त्यालगत कावळ्याव्यतिरिक्त किमान पाच काळे पक्षी नेहमी भेटतात आणि नवख्यांचा सर्वाधिक वेळ त्यांच्यावर जातो, म्हणून त्यांना वेगळी पायरी दिली आहे.

कोतवालाची शेपटी लांब आणि टोकाला खोल दुभंगलेली असते. तो तारेवर किंवा गुरांच्या पाठीवर ताठ बसतो, हवेत झेपावून किडा पकडतो आणि आपल्या घरट्याजवळ आलेल्या घारीलाही पिटाळून लावतो. कवड्या गप्पीदासाचा नर चिमणीएवढा, खांद्यावर पांढरा पट्टा आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा रंग. झुडपाच्या किंवा कुंपणाच्या टोकावर बसून तो जमिनीवर उतरतो व परत टोकावर जातो. चीरकाच्या नरालाही खांद्यावर पांढरा डाग असतो, त्यामुळे या दोघांत गफलत हमखास होते. फरक शेपटीत शोधावा: चीरक बहुतेक वेळ जमिनीवर असतो, शेपटी पाठीवर उभी उचलतो आणि तिच्याखालचा विटकरी-तांबूस रंग दाखवतो. जांभळा शिंजीर विणीच्या काळात लांबून काळा दिसतो, पण तो चिमणीहून लहान, चोच बारीक आणि खाली वळलेली, आणि त्याचे सारे लक्ष फुलांकडे. पाचवा कोकीळ नर: कावळ्याहून सडपातळ, शेपटी लांब, डोळे लाल, चोच फिकट हिरवट, आणि बहुधा पानांच्या आड.

एवढे पाच पक्षी पाठीमागून, उन्हाविरुद्ध आणि अर्धवट दिसले तरी ओळखता येऊ लागले की बाकीच्या पक्ष्यांकडे पाहण्याची नजर आपोआप तयार होते. हाच सराव पुढे शिक्रा आणि पावशा यांच्यासाठी वापरावा, कारण पावशा रंगरूपाने आणि उडण्याच्या ढंगाने शिक्र्याची इतकी नक्कल करतो की लहान पक्षीही फसतात. पावशाची चोच मात्र शिकारी पक्ष्यासारखी आकडेबाज नसते.

८. आवाज आणि ॲप

कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेचे ‘मर्लिन’ हे मोफत ॲप आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सुचवते. ते जरूर वापरावे, पण त्याचे उत्तर ही सूचना आहे, पुरावा नव्हे. कोतवाल शिक्र्याचा आवाज हुबेहूब काढतो, वारा आणि पंपांचा घरघराट आवाज बिघडवतात, आणि ॲपला यातले काहीच दिसत नसते. ॲपने नाव दाखवले की आवाजाच्या दिशेने जाऊन पक्षी शोधावा. दिसला आणि जुळला, तरच वहीत लिहावा. आवाज आठवणीत बसवायचा असेल तर चोच उघडताना पक्षी प्रत्यक्ष पाहणे याला पर्याय नाही.

फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावणे टाळावे, आणि विणीच्या काळात तर कटाक्षाने टाळावे. आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी घुसला असे समजून नर घरटे आणि खाणे सोडून त्याच्यामागे धावत राहतो.

९. गाडीतून पाहणे

उन्हाच्या वेळी किंवा चालणे शक्य नसल्यास गाडी हे चांगले लपण आहे. पक्षी चालणाऱ्या माणसाला पाहून जितक्या लवकर उडतात तितके थांबलेल्या गाडीला बिचकत नाहीत. अट इतकीच की गाडीचे दार उघडायचे नाही. पाय बाहेर पडला की लपण संपले. गाडी पूर्णपणे रस्त्याबाहेर घ्या, वळणावर किंवा पुलावर थांबवू नका, आणि इंजिन बंद करा, नाहीतर त्याची थरथर दुर्बिणीत उतरते. चालकाने पक्षी शोधू नयेत, ते काम शेजारी बसणाऱ्याचे.

१०. घरटी आणि माणसे

टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, तर ती तुमचे स्वागत करत नसून तिची अंडी किंवा पिल्ले जवळपास उघड्या जमिनीवर आहेत. अंडी मातीच्या आणि खड्यांच्या रंगाची असल्याने पायाखाली आली तरी दिसत नाहीत. आल्या पावली मागे फिरा आणि आवाज थांबेपर्यंत दूर जा. अंडी शोधत बसलात तर तेवढा वेळ ती उन्हात उघडी राहतात आणि कावळे तुमच्याकडे पाहत असतात. चंडोल, माळटिटवी आणि रातवे हेही जमिनीवरच अंडी घालतात, म्हणून विणीच्या काळात रस्ता सोडून माळावर न उतरणे बरे. घरट्याचे छायाचित्र आणि नेमकी जागा कुठेही जाहीर करू नये.

शेतात शिरण्यापूर्वी मालकाला विचारा, उभ्या पिकातून जाऊ नका, आणि उघडलेले फाटक परत लावा. वस्तीच्या दिशेने दुर्बीण रोखू नये, पक्षी त्याच दिशेला असला तरी. कोणी थांबून चौकशी केली तर दुर्बीण त्यांच्या हाती देऊन तारेवरचा पक्षी दाखवावा. पुढच्या वेळी घुबडाची ढोली कुठल्या झाडात आहे, हे त्याच माणसाकडून कळण्याचा संभव असतो.

११. नोंद

फेरी संपताच, गाडीत बसण्यापूर्वी, यादी पूर्ण करा. तारीख, सुरू आणि संपण्याची वेळ, चाललेले अंतर, हवामान, आणि प्रत्येक पक्ष्याची संख्या. २००२ साली सुरू झालेल्या ‘ईबर्ड’ या जागतिक नोंदवहीत ही यादी विनामूल्य भरता येते. भरताना तीन ठिकाणी अडखळायला होते. त्याच रस्त्याने परत आलात तर अंतर एकदाच धरायचे, आणि परतीला पुन्हा दिसलेले तेच पक्षी दुसऱ्यांदा मोजायचे नाहीत. संख्या नेमकी माहीत नसेल तर रिकामी जागा सोडण्यापेक्षा अंदाजी आकडा द्यावा. थवा मोठा असेल तर त्यातले दहा पक्षी मोजून तेवढ्या जागेच्या पटीने उरलेला थवा मोजतात. तिसरा प्रश्न असतो, ओळखता आलेले सर्व पक्षी नोंदवले का? तुम्ही कावळा, साळुंकी, होला यांना ‘हे तर नेहमीचेच’ म्हणून वगळले असेल तर उत्तर ‘नाही’ द्यावे लागते आणि यादीचे मोल घटते, कारण नेहमीचे पक्षी कमी होत आहेत की वाढत आहेत हे अशाच पूर्ण याद्यांवरून समजते.

न ओळखलेला पक्षी ‘न ओळखलेला’ म्हणूनच लिहावा. ‘चंडोलाची कुठली तरी जात’ अशी नोंद ईबर्डवरही करता येते. एखाद्या दुर्मीळ पक्ष्याची नोंद केली असेल तर त्या प्रदेशाचे परीक्षक तपशील विचारतात. तो अविश्वास समजू नये. अशा वेळी वहीतले जागेवरच लिहिलेले आकाराचे, चोचीचे आणि वागण्याचे वर्णन जसेच्या तसे पाठवावे, आणि एखादी गोष्ट पाहायची राहून गेली असेल तर ‘हे दिसले नाही’ असे स्पष्ट लिहावे.